तिसरं काडतूस

कारखान्यात काडतुसं भरणाऱ्या खोलीत बारा बायका बसायच्या, आणि त्या बारा जणींत हात म्हणावा तर थोरलीचा. तिला थोरली म्हणायचे कारण त्याच टेबलाशी तिची धाकटी जाऊ बसायची. दोघी एका घरातून यायच्या, एकाच घरी परत जायच्या, मग खोलीने तरी दुसरी नावं कशाला शोधावीत? धाकटी यायच्या आधी थोरलीला लोक तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारायचे. सोळा वर्षं मारली होती. मग ही आली, आणि एका आठवड्यात थोरलीचं नाव जाऊन नातं तेवढं उरलं. "माझं नावसुद्धा खाल्लं हिने," असं थोरलीच्या मनात यायचं. तिच्या मनात आणखी काय काय यायचं ते सांगत बसलं तर दिवस मावळेल.

काम दिसायला पोरखेळ. क्लिप म्हणजे बोटभर लांबीची पत्र्याची पन्हळ. तिच्या दोन्ही कडा आत वळवलेल्या, आणि पोटात पातळ स्प्रिंगची पट्टी. त्या पन्हळीत पाच काडतुसं बुडाच्या बाजूने सरकवायची. ती कंगव्याच्या दातांसारखी शेजारी शेजारी उभी राहतात. जुन्या लष्करी रायफलीत गोळी एकेक करून भरत बसलं तर समोरचा काय वाट बघत थांबणार आहे? म्हणून ही युक्ती. बोल्ट मागे ओढायचा, रायफलीच्या वरच्या खाचेत भरलेली क्लिप उभी रोवायची आणि अंगठ्याने वरून दाबायचं. पाचही काडतुसं सर्रकन खाली मॅगझिनमध्ये उतरतात. पन्हळ वर रिकामी राहते, ती फेकून द्यायची आणि बोल्ट पुढे ढकलायचा. नव्या रायफली कधीच आल्या होत्या, पण पहारेकऱ्यांकडे आणि नव्या भरतीच्या सरावाला अजून त्या जुन्याच होत्या, त्यामुळे ही खोली चालू होती.

गोम होती ती काडतुसाच्या बुडाशी. तिथे पितळेची कड जराशी बाहेर आलेली असते, आणि पाच कडा एका रेषेत मावत नाहीत. म्हणून एकाची कड मागे, दुसऱ्याची तिच्या पुढे, तिसऱ्याची पुन्हा मागे, चौथ्याची पुढे, पाचव्याची मागे, अशी बसवायची. मागे, पुढे, मागे, पुढे, मागे. असं बसवलं की क्लिप कुठल्याही टोकाने रायफलीत जाते, उलटसुलट बघावं लागत नाही. यातलं एक जरी काडतूस चुकलं तर क्लिप एका टोकाने गुपचूप जाते आणि दुसऱ्या टोकाने घातली की कडेत कड अडकून बोल्ट जागच्या जागी बसतो. घाईत असलेला शिपाई टोक बघत नाही. एवढंच ते काम, पण या एवढ्याशा कामावर कोणाचा तरी जीव असायचा, हे खोलीतल्या प्रत्येकीला पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं.

थोरलीने ते बावीस वर्षं केलं. तिचा अंगठा एका बाजूने चपटा झाला होता. गप्पा मारताना, जांभई देताना, अगदी भांडतानासुद्धा तिचे हात मागे-पुढे-मागे-पुढे-मागे करत राहायचे.

धाकटीला कारखान्यात चिकटवली ती थोरलीनेच. लग्न होऊन आली तेव्हा घरात बसून कंटाळायची, म्हणून थोरली म्हणाली, "चल माझ्याबरोबर. चार पैसे मिळतील आणि सासूबाईंच्या डोळ्यांसमोरून तरी हलशील." शेजारी बसवून शिकवलं, बोट धरून. आणि सहा महिन्यांत त्या बयेचा ट्रे थोरलीच्या ट्रेबरोबर भरायला लागला! हसत हसत भरायची. तोंडाने गप्पा, डोळे खिडकीबाहेर, आणि ट्रे भरलेला. थोरलीला सोळा वर्षं लागलेली गोष्ट हिला जणू माहेरून येतानाच बांधून दिली होती.

घरी तरी सुटका होती का? छे. सासूबाई म्हणायच्या, "धाकटीने अंथरूण घातलं की कशी गाढ झोप लागते मला." मग आधीची सोळा वर्षं काय तुम्ही जागून काढलीत? हे थोरली तोंडाने बोलली नाही, पण त्या दिवशी भांडी जरा जास्त जोरात वाजली. एकदा तिचा स्वतःचा नवरा सहज म्हणाला, "धाकटीमुळे घरात हसणं आलं, नाही?" त्याच्या ताटात दोन दिवस मीठ आलं नाही. त्याला ते का, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पुरुषांना असल्या गोष्टी कळत नाहीत, आणि कळल्या तरी ते कळू देत नाहीत.

पण थोरलीचं खरं दुखणं होतं ती खुर्ची.

खिडकीशी एक खुर्ची होती, पाठ असलेली. बाकी सगळ्या बायकांना स्टूल. त्या खुर्चीवर तपासनीस बाई बसायच्या. त्यांच्याकडे दोन चष्मे होते, एक लांबचा आणि एक जवळचा. एक नाकावर, एक कपाळावर. म्हणून सगळ्या त्यांना पाठीमागे दोनचष्मी म्हणायच्या आणि समोर नुसतं बाई. त्यांच्यापुढे तपासणीची एक रायफल असायची, गोळी उडवणारी आतली पिन काढून टाकलेली. संध्याकाळी प्रत्येकीने आपला ट्रे घेऊन समोर उभं राहायचं. दोनचष्मी त्यातल्या पाच क्लिपा उचलायच्या, दोन्ही टोकांनी रायफलीत घालून बघायच्या आणि मग मान हलवायच्या. त्या मान हलवण्यावर खोली जगत होती.

दोनचष्मी निवृत्त होणार होत्या. थोरलीने त्या खुर्चीकडे अकरा वर्षं डोळे लावले होते. पाठीला रग लागली की ती खुर्चीकडे बघायची आणि स्वतःला म्हणायची, थोडे दिवस राहिले. आपण बसू, ट्रे घेऊन त्या उभ्या राहतील, आपण मान हलवू. धाकटीही उभी राहील.

आणि एके दिवशी दोनचष्मी सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझ्यानंतर इथे कोण, ते मला साहेबांना लिहून द्यायचं आहे. मला दोघीच दिसतात. थोरली आणि धाकटी. शनिवारी दोघींनी एकेक ट्रे भरायचा. पन्नास क्लिपा, पाच ओळी. ट्रे अपुरा राहिला तर ती बाद. क्लिप चुकली तर ती बाद. दोन्ही ट्रे चोख निघाले तर जुनी आहे म्हणून थोरली."

धाकटीने टाळ्या वाजवल्या. "ताई, मग झालंच की! तुमचा ट्रे कधी चुकलाय?"

कोणीही ऐकून म्हणेल, किती गुणाची जाऊ. थोरलीच्या पोटात मात्र आग पडली. आपल्याला जुनी म्हणून खुर्ची मिळणार? चांगली म्हणून नाही, जुनी म्हणून! आणि ही टाळ्या वाजवून ती आपल्याला दान करते आहे! शनिवार येईपर्यंत ती आग विझली नाही, उलट रोज थोडी थोडी वाढली. हात लवकर चालणारी धाकटी, हसणारी धाकटी, झोप लावणारी धाकटी. शुक्रवारी झोपताना थोरलीने ठरवून टाकलं की नुसतं जिंकून भागणार नाही. तिचा ट्रे चुकला पाहिजे. सगळ्यांनी बघितलं पाहिजे.

शनिवारी चहाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर गेल्या. "पाठ धरलीय, मी इथेच बसते," म्हणून थोरली मागे राहिली. तोवर तिच्या तीन ओळी झाल्या होत्या, धाकटीच्याही तीन. थोरलीने एक रिकामी क्लिप उचलली आणि पाच काडतुसं भरली. बघते तर काय, मागे, पुढे, मागे, पुढे, मागे. हाताने आपोआप बरोबर भरली होती. "अगं बाई, चुकव ना," ती हाताला पुटपुटली. काडतुसं उपसली, पुन्हा भरली. पुन्हा बरोबर! बावीस वर्षांच्या बोटांना वाकडं वळताच येईना. तिसऱ्या खेपेला तिने डोळे क्लिपवर रोखले आणि लहान मूल अक्षर गिरवतं तसं एकेक काडतूस बसवलं. तिसऱ्याची कड मागे जायला हवी होती, ती तिने नखाने ओढून दुसऱ्याच्या पुढे आणली. मग चौथं, पाचवं. क्लिप वरून पाहिली तर काही कळत नव्हतं. धाकटीच्या ट्रेमधल्या सगळ्यात पुढच्या ओळीतून एक चांगली क्लिप तिने काढली, त्या जागी ही ठेवली, आणि ती चांगली आपल्या ट्रेमध्ये घातली.

सुट्टी संपली. बायका आल्या, धाकटी आली. "पाठ कशी आहे, ताई?" म्हणाली. थोरलीने "बरी आहे" म्हटलं आणि भरायला घेतलं. पण हात आता तिचे राहिले नव्हते. काडतूस पन्हळीत शिरायचं नाही, शिरलं तर तिला शंका यायची, ती उपसून पुन्हा बघायची. घंटेला थोडाच वेळ उरला आणि तिच्या चारच ओळी झाल्या. अंगठ्यात गोळा आला. धाकटीचे हात मात्र चालूच होते. पन्नास तिच्या केव्हाच झाल्या होत्या, ती पुढच्या ट्रेला लागली होती.

थोरली उठली आणि कोपऱ्यातल्या नळाखाली अंगठा धरून उभी राहिली. आता आपला ट्रे अपुरा, आपण बाद. पण धाकटीही बाद. दोघी बाद! आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, दुसरं काय? तरीही खरं सांगायचं तर गार पाण्याखाली तिला बरं वाटत होतं. मला नाही ना, मग तिलाही नाही. घंटा झाली. ती परत आली तोवर ट्रे ढकलगाडीवरून दोनचष्मींपुढे गेले होते.

"थोरली," दोनचष्मींनी हाक मारली, "हा तुमचा."

थोरली पुढे गेली, ट्रे बघितला आणि तिथेच थिजली. पाच ओळी होत्या. पन्नास क्लिपा. चारच भरल्या होत्या तिने, मग पाचवी आली कुठून?

दोनचष्मींनी पहिली क्लिप उचलली. दोन्ही टोकांनी गेली. दुसरी, तिसरी, चौथीही गेली. पाचवी त्यांनी शेवटच्या ओळीतून घेतली. एका टोकाने सरळ गेली. काडतुसं काढून त्यांनी ती तशीच परत भरली, उलटी केली, रोवली, दाबली आणि बोल्ट पुढे ढकलला. बोल्ट निम्म्यात अडकला.

त्यांनी काडतुसं सोडवली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिसरं."

त्यांनी ती क्लिप सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"बायांनो, तीस वर्षं मी हे बघतेय. चुकून चुकतं ते पहिलं नाही तर पाचवं, कारण ती टोकाला असतात, निसटतात. मधल्याला दोन्हीकडून शेजार असतो. तिसरं चुकून चुकत नाही, ते मुद्दाम चुकवावं लागतं." त्यांनी थोरलीकडे बघितलं. "आणि स्वतःच्या ट्रेमध्ये असलं कोणी करत नाही. तेव्हा हे तुमच्या हातचं नाही, एवढं मला कळतंय. कोणाचं आहे?"

थोरली ट्रेमधली पाचवी ओळ बघत राहिली.

"बाई, ती ओळ माझी आहे," मागून धाकटी म्हणाली. बिचारी पुढे आली. "ताई अंगठा धरून उठल्या, ट्रे तर अपुरा दिसत होता. माझ्याकडे जास्त झाल्या होत्या. म्हणून पुढची ओळ उचलून त्यांच्यात ठेवली आणि माझी नवी घातली. चुकलं माझं, विचारायला हवं होतं. पण ताईंचं असं एका ओळीने जाऊ नये म्हणून..."

दोनचष्मींनी दोन्ही चष्मे काढले. "म्हणजे तुझ्या ट्रेमधली ओळ. तिच्यात मुद्दाम बिघडवलेली क्लिप. आणि ती तू ठेवलीस कुठे, तर आजच्या दिवशी, जावेच्या ट्रेमध्ये."

हे ऐकल्यावर कुठे धाकटीच्या डोक्यात उजेड पडला. तिचा चेहरा पांढरा पडला. "नाही हो बाई! मी... मी कशाला असं करू?"

"ते तू साहेबांना सांग. काडतुसाशी खोडसाळपणा करणारं माणूस या खोलीत बसत नाही. सोमवारपासून येऊ नकोस."

आता थोरलीला काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायला कुठे कष्ट पडतात? खुर्ची आपली. धाकटी घरी. सगळ्यांनी बघितलं. ती जे जे मागत होती ते सगळं आयतं पदरात पडलं होतं. खुर्ची तिथेच होती, दोन हातांवर. तिच्या पाठीची गादी एका कोपऱ्यात फाटली होती, ती नवी शिवून घ्यावी लागेल, एवढंसुद्धा थोरलीच्या मनात येऊन गेलं.

धाकटी तिच्याकडे वळली. डोळे भरलेले. "ताई, तुम्ही तरी सांगा ना बाईंना. मी असं करीन का?"

थोरलीने त्या डोळ्यांत शंका शोधली. खूप शोधली. औषधाला नव्हती. हिच्या मनात आपल्याबद्दल साधं येतसुद्धा नाही! आलं असतं तर किती बरं झालं असतं, दोघी भांडलो असतो, एकमेकींच्या झिंज्या उपटल्या असत्या, मोकळ्या झालो असतो. पण हिला ते सुचतच नाही. आयुष्यात धाकटीच्या कशाकशाचा हेवा केला होता थोरलीने, हाताचा, हसण्याचा, सासूबाईंच्या झोपेचा. पण या न सुचण्याचा वाटला तेवढा हेवा तिला कधीच वाटला नव्हता. आपण कधीही असं बघू शकणार नाही, कोणाकडेच.

"नाही करणार ती," थोरली म्हणाली. "तिला जमणारच नाही."

"का जमणार नाही?" दोनचष्मींनी विचारलं.

"मला तीनदा करावी लागली."

आधी कोणाला समजलंच नाही. मग दोनचष्मींना समजलं, आणि सगळ्यात शेवटी धाकटीला.

"दोनदा भरली तर हाताने बरोबरच भरली," थोरली सांगत होती, जणू कोणी शिकायला बसलंय. "तिसऱ्यांदा एकेक बघून भरावी लागली. चहाच्या सुट्टीत. तिच्याच ट्रेमध्ये ठेवली होती. मला काय माहीत ती बया उचलून मलाच देईल!"

धाकटीने डोळे पुसले, आपलं स्टूल आत सरकवलं आणि घरी निघाली. त्या दिवशी पहिल्यांदा दोघी वेगवेगळ्या वाटांनी घरी गेल्या.

दोनचष्मींनी साहेबांना काय लिहिलं कोण जाणे. थोरलीची नोकरी राहिली, पण वर्षभर काडतुसाला हात लावायचा नाही असं ठरलं. मागच्या खोलीत बसून गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावरून परत आलेल्या रिकाम्या पन्हळी पुसायच्या आणि वाकलेल्या बाजूला काढायच्या. पुसल्या. बावीस वर्षं भरल्या तशा एक वर्ष पुसल्या. हात मात्र रिकाम्या पन्हळीवरसुद्धा मागे-पुढे करायचे.

घरी धाकटी अकरा दिवस तिच्याशी बोलली नाही. बाराव्या दिवशी म्हणाली, "ताई, आंघोळीचं पाणी तापलंय." बस, एवढंच. पण तिने घरात कोणाला सांगितलं नाही, सासूबाईंना नाही, स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा नाही. मी असते तर आळीभर डांगोरा पिटला असता, असं थोरलीला वाटायचं, आणि या न सांगण्याचाही तिला राग यायचा. आता या बाईला म्हणावं तरी काय!

वर्ष संपलं. थोरली पुन्हा टेबलाशी आली, आपल्या जुन्या स्टुलावर. खिडकीशी खुर्चीवर धाकटी होती. एकच चष्मा, तोही नवा. पहिल्या दिवशी संध्याकाळी सगळ्या आपापले ट्रे घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. थोरलीही राहिली.

धाकटीने तिच्याही ट्रेमधून पाचच क्लिपा उचलल्या, बाकीच्यांच्या घेतल्या तेवढ्याच. फरक एवढाच की रायफलीत घालायच्या आधी प्रत्येक क्लिप ती उजेडात धरायची आणि मधल्या काडतुसाकडे बघायची. इतर कोणाच्या क्लिपांना तिने असं केलं नव्हतं. ते थोरलीने बघितलं. बघितलेलं धाकटीनेही बघितलं.

"बरोबर आहेत, ताई," ती म्हणाली आणि ट्रे पुढे सरकवला.

थोरली हलली नाही. "सगळ्या बघ," ती म्हणाली.

म्हणताना तिला वाटलं होतं की ही आता हसेल, आधी हसायची तशी, आणि म्हणेल, काहीतरीच काय ताई, तुमचा ट्रे कधी चुकलाय?

धाकटीने ट्रे परत ओढून घेतला, चष्मा पुसला आणि पन्नासच्या पन्नास क्लिपा बघितल्या.